मजलेकाकांचं बोलण्याचं पथ्य

आमच्या शेजारच्या मजलेकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायला आजवर कुणी थांबलेलं नाही. मजलेकाका हे नाव मी पाडलं. मी बऱ्याच जणांना नावं पाडली, त्यातलं हे टिकलं. बायकोला पाडलेलं टिकलं नाही, कारण मला त्याच घरात टिकायचं होतं.

काकांनी सगळी नोकरी एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये काढली. स्टुलावर बसायचं, बटण दाबायचं आणि मजला आला की सांगायचं. ‘दुसरा मजला. डोळे.’ ‘तिसरा मजला. हाडं.’ ‘चौथा मजला. बाळंतिणी.’ सगळं एका आवाजात. एखादा मजला दुसऱ्यापेक्षा गोड म्हटला, असं कधी झालं नाही. मी एकदा चेष्टेने म्हटलं, “काका, चौथा मजला तरी जरा हसून सांगत जा की.”

“त्याच लिफ्टमध्ये तळघरात जाणारे असायचे,” काका म्हणाले.

तळघरात शवागार होतं. म्हणजे एक जण नातू बघायला निघालेला आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून दुसरा कुणाची तरी ओळख पटवायला निघालेला. एकाला हसून सांगितलं तर दुसऱ्याच्या काळजात जायचं, आणि हळहळून सांगितलं तर पहिल्याला अपशकुन वाटायचा. म्हणून काकांनी आवाजातला चढ-उतार काढून टाकला. इस्पितळात ते शहाणपणाचं होतं. पंचाईत अशी की संध्याकाळी गणवेश खुंटीला लावता येतो, आवाज नाही लावता येत.

त्यांची लेक लांबच्या शहरात नोकरी करते. आई गेली तेव्हा आली होती, त्यानंतर नाही. तेव्हा आमच्या हिच्याजवळ जिन्यात बसून ती बोलली होती. “काकू, माझा निकाल सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, ‘बरं. पुढे काय?’ मी जणू चौथ्या मजल्यावर उतरणार होते. आणि परवाचा फोन माहितीय? ‘आई गेली. सकाळी. ये.’ मला कळेना, मी रडू की बटण दाबू.” आमची ही रडली. मी आतल्या खोलीत होतो, पण ऐकत होतो. आमच्याकडे ती कामाची वाटणी ठरलेली आहे.

काकांची आणि आमची भिंत एकच. त्यामुळे दर रविवारी सकाळी लेकीचा फोन आला की मला अर्धं संभाषण फुकट मिळायचं. तेही काय मिळायचं! ‘हो. जेवतो. नाही. बरं. ठेवतो.’ कान भिंतीला लावून मान अवघडायची आणि हाती एवढंच. फोन संपला की काका भांडी घासायचे. एक ताट, एक वाटी, एक पेला. मग पुढच्या रविवारपर्यंत त्या घरातून नळाशिवाय कुणाचा आवाज यायचा नाही.

आता गंमत ऐका. काकांची दाढ दुखायला लागली आणि ते कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेले. पुढचं मला तिथल्या मदतनीस बाईंकडून कळलं. त्या माझ्याच तोलाच्या आहेत, तोंडात तीळ भिजत नाही.

डॉक्टर दाढ कोरत होते. काकांनी हात वर केला, तोंडातली नळी बाजूला केली आणि म्हणाले, “दुखतंय. खाली. डावीकडे.”

डॉक्टर थबकले. “पुन्हा म्हणा.”

“दुखतंय. खाली. डावीकडे.”

“वा!” डॉक्टर म्हणाले. “क्या बात है! आणखी एकदा.”

काका घरी आले ते गाल सुजवून आणि सिनेमात काम मिळवून.

त्याचं असं होतं की या डॉक्टरांना सिनेमाचं वेड. सुट्टीच्या दिवशी दवाखान्याला आतून कडी लावून ते एक विज्ञानपट काढत होते. दात काढायची खुर्ची हीच अवकाशतळावरची खुर्ची आणि तोंडावर पाडायचा दिवा हा परक्या ग्रहावरचा सूर्य. गोष्ट सांगतो. त्या तळावरची सगळी माणसं गेलेली, एकच बाई उरलेली, आणि तिच्या सोबतीला तळ चालवणारं एक कृत्रिम मन. ते दारं उघडतं, हवा मोजतं, विचारलं की उत्तर देतं. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, नुसता आवाज. बाई हळूहळू त्याच्यात गुंतत जाते. तिला वाटतं, हे मन आपल्याला जीव लावतंय. ते बिचारं हवा मोजत असतं. बाईचं काम डॉक्टरांची बायको करत होती, ती हौशी नाटकांतून बरी होती. अडलं होतं ते त्या मनाच्या आवाजावर.

“संगणकाचा तयार आवाज का नाही घेत?” मी डॉक्टरांना विचारलं. मी या चौकशीसाठी मुद्दाम दात साफ करून घ्यायला गेलो होतो.

“घेतले होते ना. सगळे तपासले. आजकालचे ते आवाज इतके लाघवी झालेत हो, की ‘हवा संपत आली आहे’ हेसुद्धा मध लावून सांगतात. मशीनसारखं बोलणारं मशीनच मिळत नाही. म्हणून माणूस शोधत होतो. आ करा.”

त्या रविवारी भिंतीपलीकडचं संभाषण पहिल्यांदा लांबलं.

“एक काम मिळालंय,” काका लेकीला म्हणाले. “सिनेमात. मशीनचं.”

मग पलीकडून काहीतरी झालं. काका म्हणाले, “हसू नकोस.” आणि मग, “खरंच येशील? पहिल्या खेळाला? बरं.”

फोन ठेवून काका थेट आमच्या दारात आले. आजवर ते आमच्या दारात आले होते ते एकदाच, आमचं पाणी त्यांच्या भिंतीतून झिरपत होतं तेव्हा.

“ती येणार आहे,” ते म्हणाले. “सिनेमा लागला की.” आवाज तोच, दुसरा मजला, डोळे. पण दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती.

तालमीला त्यांना समोरचं बोलणारं कुणी हवं होतं. मी अशा संधीची वाटच बघत होतो. अंतराळात एकटी पडलेली ती बाई मी रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत उभी करायला लागलो. खांद्यावर टॉवेल, आवाजात कंप.

“मला इथे फार एकटं वाटतं!” मी म्हणायचो.

“खोलीचं तापमान वाढवू का?” काका.

“आमच्याकडेही हेच उत्तर मिळतं,” स्वयंपाकघरातून ही.

पहिले काही दिवस काका संवाद म्हणून, चहा पिऊन, कप स्वतः विसळून निघून जायचे. मग एकदा मी टॉवेल सावरताना स्टुलावरून पडलो, तेव्हा काका हसले. हसणं म्हणजे काय, तर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. ही पाणी घेऊन धावली. पण तिथून गाडी सुरू झाली. तालीम संपली तरी ते बसू लागले. लिफ्टमधल्या गोष्टी निघू लागल्या. एकदा लिफ्ट मधेच बंद पडली होती आणि आत एक नवरदेव, त्याचा मोडलेला पाय आणि त्याची होणारी सासू, अशी तिघं अडकली होती, ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा आमची ही ओटा पुसायचा सोडून बाहेर येऊन बसली. सासूची नक्कल काकांनी केली. हुबेहूब! मी म्हटलं, “काका, इतकी वर्षं हे कुठे दडवून ठेवलं होतंत?”

“कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले, पण त्यात थोडी तक्रार होती. तक्रार असलेला आवाज! मी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे.

तीच सासूची गोष्ट त्यांनी लेकीलाही सांगितली. भिंतीला कान लावायची गरजच पडली नाही, चांगलं खणखणीत ऐकू येत होतं. आता लेकीचा फोन आठवड्याच्या मधेही येऊ लागला. कधी काका म्हणायचे, “तुझ्या आईला ही गोष्ट सांगायची राहिली.” कधी नुसतेच “मग? मग काय झालं?” असं विचारायचे, आणि तिकडची लेक बोलत राहायची, बोलत राहायची. मी बायकोला म्हटलं, “बघ, माझ्या बोलण्याचा गुण लागला.” ती म्हणाली, “लागला खरा. उरला का काही तुझ्याकडे?”

मग आला आवाज भरायचा दिवस. दवाखान्यात खिडक्यांना गाद्या लावल्या, मधोमध माईक, आणि काका खुर्चीत. मी मदतनीस बाईंशेजारी कोपऱ्यात चिकटून उभा. पहिलंच वाक्य होतं, ‘दार बंद करू का?’

काका म्हणाले, “दार बंद करू का?”

डॉक्टरांनी कानांवरचे हेडफोन काढले. “काका, हे काय?”

“काय झालं?”

“तुम्ही तिला थंडी वाजतेय का असं विचारताय.”

“नाही. दार बंद करू का एवढंच विचारलं.”

“परत म्हणा.”

परत म्हटलं, तर आणखी मऊ. डॉक्टर हैराण. “अहो, हे मशीन आहे. याला बाईचं काही वाटत नाही. वाटतं ते बघणाऱ्याला वाटायला पाहिजे. तुम्हीच माया लावलीत तर माझा सगळा सिनेमाच गेला! काय खाल्लंत, काय केलंत या दिवसांत?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाद्यांकडे पाहिलं.

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, पण शेवटी डॉक्टरच. म्हणाले, “पथ्य पाळा. बोलण्याचं पथ्य. कुणाशी म्हणजे कुणाशी बोलू नका. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू. जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरा आवाज शोधावा लागेल.”

परतताना जिन्याशी काकांनी कठडा धरला. मग म्हणाले, “दुसरा आवाज घेतला तर ती कशाला येईल?”

“अहो, लेक आहे. तशीही येईल.”

“तशी आलीय का इतक्या वर्षांत?” ते थांबले. “तुम्ही आता माझ्याशी बोलू नका. वहिनींनाही सांगा. रागावू नका.”

मला बोलू नका सांगणं म्हणजे माशाला पोहू नको सांगणं. पण पाळलं. सगळ्या इमारतीने पाळलं. काका समोर आले की लोक नुसती मान हलवायचे, कुणी छातीवर हात ठेवायचं. एकदा जिन्यात मी त्यांना पाहिलं आणि तोंडात शिंक, बातमी आणि विनोद असे तिन्ही एकदम आले, तिन्ही गिळले. ही संध्याकाळी भाजीची वाटी त्यांच्या दाराशी ठेवून बेल दाबायची आणि पळून यायची. वाटी धुतलेली परत दाराशी. भिंतीपलीकडे पुन्हा नळ. मधूनमधून फोनची घंटी वाजायची आणि चटकन थांबायची. मी म्हणायचो, चला, लेकीशी तरी बोलतायत, पथ्य म्हणून दबक्या आवाजात. मला काही ऐकू यायचं नाही. मी मान अवघडेपर्यंत उभा राहायचो.

आमच्या बाहेरच्या खोलीत टॉवेल घडी घालून ठेवलेला होता. संध्याकाळी करायला काही नव्हतं. मला एकदा हिने विचारलं, “तुला करमत नाही का?” मी म्हटलं, “छे!” आणि मग आम्ही दोघांनी बराच वेळ टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्या ऐकल्या.

पुढच्या महिन्यात काका आवाज द्यायला गेले, तेव्हा मला बरोबर नेलं नाही. मदतनीस बाईंनी सांगितलं, एका बैठकीत सगळं काम झालं. डॉक्टर इतके खूश की त्यांनी काकांच्या उरलेल्या सगळ्या दाढा फुकट तपासल्या. फक्त म्हणाले, एखादं वाक्य पुन्हा भरावं लागेल, खेळापर्यंत पथ्य सोडू नका.

पहिला खेळ डॉक्टरांच्या क्लबच्या हॉलमध्ये होता, रविवारी दुपारी. काका इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी रुमाल पसरला होता. मी आणि ही मागच्या रांगेत. दार उघडलं की काका मान वळवायचे. डॉक्टरांचे रोगी आले, त्यांच्या बायकोच्या मैत्रिणी आल्या, क्लबातले पत्तेवाले आले. दिवे गेले. रुमाल तसाच.

सिनेमा चांगला होता, हे मला कबूल करायला जड जातंय. ती खुर्ची खुर्ची राहिली नाही, तो दिवा दिवा राहिला नाही. ती बाई एकटीच फिरते, आणि चोहोबाजूंनी आमच्या काकांचा आवाज. ‘दार बंद आहे.’ ‘हवा पुरेशी आहे.’ ‘तुम्ही झोपलेल्या नाहीत.’ शेवटाकडे तळ बंद पडायला लागतो तेव्हा ती भिंतीला गाल लावून विचारते, “तुला माझी आठवण येईल?”

“ती सोय नाही,” आवाज म्हणतो.

सगळ्या हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. आमच्या हिने माझाच सदरा वापरला. माझ्या पुढे काका ताठ बसले होते, डोळे पडद्यावर नव्हते, दाराकडे होते.

दिवे लागले. लोक काकांचे हात हातात घेत होते. “काय बोललात हो!” “अंगावर काटा आला!” काका प्रत्येकाला म्हणत होते, “बरं. बरं.” गर्दी ओसरली तेव्हा मी त्यांना हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. आता पथ्य संपलं होतं.

“गाडी चुकली असेल पोरीची,” मी म्हटलं. “कधी बोलला होतात शेवटचं?”

“तालमी चालू होत्या तेव्हा.”

“म्हणजे? फोन तर येत होते. मी ऐकली ना घंटी.”

“घंटी बंद करत होतो.”

मला आधी कळलंच नाही. “अहो, लेकीचीसुद्धा?”

“तिचीच,” काका म्हणाले. “बाकी कुणाचा फोन येतो मला?”

“आमच्याशी बोलू नका म्हणालात, ते ठीक. पण तिच्याशी...”

“तुमच्याशी बोलून आवाज थोडासाच बिघडतो.” ते आपल्या सदऱ्याची बाही सरळ करत होते. “तिच्याशी बोललं की आवाज सगळ्यात जास्त बिघडतो. मग सिनेमा गेला असता. मग ती आली नसती.”

“तिला निदान कळवलंत तरी का, कशासाठी ते?”

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. त्यांनी लेकीला संदेश पाठवला होता. अगदी लिफ्टमधल्या पाटीसारखा. ‘सिनेमा होईपर्यंत फोन करू नये. बाबा.’ त्याखाली तिचं उत्तर होतं, ‘काय झालं? माझं काही चुकलं का?’ त्याला काकांचं उत्तर नव्हतं. पथ्य होतं ना. मग तारीख, वार आणि हॉलचा पत्ता, आणि ‘यावे’. त्याला तिचं उत्तर नव्हतं.

मी फोन हातात घेऊन ते सगळं पुन्हा वाचलं. आमची ही मागे येऊन उभी राहिली होती, तिने माझ्या हातातून फोन घेऊन काकांच्या हातात दिला.

“भाऊजी, लावा फोन. आत्ता लावा.”

“काय सांगू?”

“जे आत्ता आम्हाला सांगितलंत ते.”

काकांनी लावला. घंटी गेली, गेली, आणि मग एक बाई बोलू लागली. संपर्क होऊ शकत नाही, कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. एरवी हे कुणीही मधेच बंद करतं. काकांनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं.

“चांगलं म्हणते,” ते म्हणाले. “पण हिला घरी बोलायला कुणीतरी आहे.”

“कशावरून?” मी विचारलं.

“कळतं.”

त्यांनी पुन्हा नंबर लावला आणि आमच्याकडे पाठ करून दोन पायऱ्या खाली जाऊन उभे राहिले. आत हॉलवाले खुर्च्या एकात एक घालत होते, त्याचा खडखडाट होता, तरी ऐकू येत होतं. घंटी जात होती तोवर काका हळूच “हॅलो” म्हणून बघत होते. मग जरा वेगळं, “हॅलो, बाळा.” मग परत नुसतंच “हॅलो.” एकही त्यांच्या मनासारखं येत नव्हतं.